एका खोक्याची तीट

माझ्या बापाने आकड्यांत आयुष्यभर एकही चूक केली नाही. ज्या केल्या त्या मुद्दाम केल्या. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच बजावून ठेवते, यात हसण्यासारखं काही नाही.

बाबा सीमेवरचे एजंट. मालाचा ट्रक पलीकडच्या देशात जायचा तर त्याचे कागद भरायचे, ते टेबलाटेबलावरून फिरवायचे, सह्या मिळवायच्या आणि ट्रक फाटकापलीकडे काढून द्यायचा, हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. शर्टाच्या खिशात स्वतःचा शिक्का आणि शाईची डबी कायम, त्यामुळे प्रत्येक शर्टाला त्याच जागी जांभळा डाग. तो डाग काढायचा नाद आईने माझ्या जन्माआधीच सोडला होता.

जुनं कार्यालय मी लहानपणापासून पाहिलेलं. लांबलचक व्हरांडा, एकामागोमाग एक खोल्या, प्रत्येक खोलीत एक टेबल आणि टेबलामागे एक साहेब. पहिला साहेब दुसऱ्याकडे पाठवी, दुसरा म्हणे आधी चौथ्याची सही आणा, आणि चौथा नेमका जेवायला गेलेला. बाहेर ट्रकांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत. ड्रायव्हर ट्रकखाली चटया टाकून झोपत, आरशाला दोरी बांधून कपडे वाळत घालत. रांगेत दाढी काळी घेऊन आलेला माणूस पांढरी घेऊन पलीकडे जातो, असं बाबा म्हणत. भाजी सडायची, फुलं काळी पडायची, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

तर या साहेबांची नस बाबांनी ओळखली होती. ज्याला चूक शोधायला बसवलंय, त्याला ती सापडेपर्यंत चैन पडत नाही. कागद अगदी चोख असले की त्याच्या मनात शंका येते, एवढे चोख कसे? मग तो सगळा ट्रक रिकामा करायला लावतो. म्हणून बाबा प्रत्येक अर्जात एक बारीकशी चूक स्वतःच ठेवून देत. एखादं पोतं कमी, तारीख एक दिवस मागे, असलं काहीतरी. साहेबाला ती सापडे. साहेब खूश होई, चार शब्द सुनावी, बाबा कान पकडत, किरकोळ दंड भरत, आणि बाकीच्या मालाला कुणाचा हातही न लागता ट्रक निघून जाई. एजंट लोक याला तीट म्हणत. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावतात, ती तीट. सगळेच लावायचे, पण बाबांची नावाजलेली होती. गुन्हा ठरू नये इतकी लहान आणि डुलक्या घेणाऱ्या साहेबालाही दिसावी इतकी मोठी.

"चूक करायलाही अक्कल लागते," ते म्हणत. "कुणा सोम्यागोम्याचं काम नाही ते."

मग आमची सीमा सुधारली.

बाहेरच्या देशांतून माणसं आली. त्यांनी हातात घड्याळं धरून रांगेचं माप काढलं आणि सांगितलं की तुमच्याकडे माल रस्त्यावर कमी आणि टेबलांवर जास्त प्रवास करतो. खोटं नव्हतं ते. जुन्या खोल्या पडल्या आणि काचेची इमारत उभी राहिली. टेबलं गेली, पडदे आले. आता एजंटाने आदल्या दिवशी घरबसल्या संगणकावर माहिती भरायची, आणि ट्रक फाटकावर आला की यंत्राने ती ताडून पाहायची. सगळं जुळलं तर हिरवा दिवा, मग थांबायचंसुद्धा नाही. नाही जुळलं तर लाल. इमारतीवर भलामोठा फलक लागला, 'जलद सीमा, स्वस्त व्यापार'. फलकाखाली उभं राहून पुढाऱ्यांनी फोटो काढून घेतले आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना लाडू नसले तरी पेनं वाटली.

मी या सुधारणेच्या बाजूची होते. अजूनही आहे. कुणाच्या नाकाला मिरची झोंबायची असेल तर झोंबू दे.

माझं अंडी उबवायचं केंद्र आहे. गावाबाहेर दोन खोल्या, उबवणीची यंत्रं, मी आणि कामाला दोघी बायका. एक दिवसाचं पिल्लू हा मोठा अजब माल. ते पोटात थोडी शिदोरी घेऊनच अंड्याबाहेर येतं, आणि तिच्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून काढतं. तेवढ्यात त्याला जिथे जायचं तिथे पोचवायचं. आमच्या भागातला बाजार एका मोठ्या कंपनीने कधीच गिळला होता. पण सीमेपलीकडे घरोघरी कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना पिल्लं हवी होती, आणि त्यांना ती पुरवणारी एक बाई मी फोनवरून शोधून काढली होती. जुन्या सीमेवरून तिला पिल्लं पाठवणं म्हणजे मेलेली पिल्लं पाठवणं. नव्या सीमेवरून सकाळी निघालेला ट्रक दुपारी तिच्या दारात.

"पहिली खेप जिवंत आली तर दर महिन्याला घेईन," ती म्हणाली. "मेली तर माझ्या बायका मला दारात उभं करणार नाहीत, आणि मी तुला."

सरळ बाई. मला आवडली.

एकच मेख होती. ज्याच्या नावावर एकदा लाल शेरा बसला आणि पुसला गेला नाही, त्याचा पुढचा प्रत्येक ट्रक लाल. सिमेंटवाल्याला चालतं, त्याचं सिमेंट यार्डात पडून राहतं. माझी पिल्लं पडून राहू शकत नाहीत. म्हणजे लाल शेरा राहिला की माझी यंत्रं मी भंगारात घालायची.

अर्ज बाबांनीच भरायचा होता. परवान्याच्या एजंटाशिवाय संगणक दार उघडत नव्हता, आणि बापाला सोडून मी दुसऱ्या एजंटाकडे गेले असते तर आईने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. शिवाय बाबा काही मागे पडलेले नव्हते. नव्या पद्धतीचं प्रशिक्षण त्यांनी थंडगार हॉलमध्ये बसून घेतलं, एका बोटाने टाइप करायला शिकले, आणि परीक्षेत तरण्या पोरांना मागे टाकून पहिले आले. प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेला आधी पडेल असं टांगलं. शिक्का मात्र खिशातून काढला नाही. आता त्याला विचारणारं कुणी नव्हतं, तरी नाही.

खेपेच्या आदल्या दुपारी मी पिल्लं खोक्यांत भरत होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"किती खोकी?"

"एकशे वीस. आणि बाबा, आहे तसं भरा."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, सांगतेय. प्रत्येक खोक्यावर मी संगणकी पट्टी चिकटवलीय. फाटकावरचं यंत्र ती बाहेरूनच वाचतं."

"वाचू दे की. वाचून सांगणार कुणाला? साहेबालाच ना? यंत्र बाहेरून आणलं असेल, साहेब इथलेच आहेत."

मी हसले. खांद्याला फोन अडकवून दोन्ही हातांनी पिल्लं उचलत होते, आणि बाबा आपलं नेहमीचं म्हाताऱ्यासारखं बोलतायत असं मला वाटलं. त्यांना यंत्र कळत नव्हतं अशातला भाग नाही. साहेब फार कळत होता, तिथे माशी शिंकली.

सकाळी उजाडल्यावर ट्रक निघाला. मागच्या दाराला संगणकी सील लावलं. ते एकदा लागलं की पलीकडे पोचेपर्यंत उघडायचं नाही, उघडलं की गुन्हा. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागून पिल्लांचा एकच गलका, शाळा सुटल्यासारखा.

"ताई, आजवर सिमेंट वाहिलं, लोखंड वाहिलं," ड्रायव्हर म्हणाला. "बोलणारा माल पहिल्यांदाच."

बाबा फाटकाशी येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, लेकीच्या लग्नात उभे राहिले असते तसे. आमच्या पुढचे ट्रक एकेक करून हिरव्यातून जात होते, थांबत नव्हते की कुणाशी बोलत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. मग आमचा ट्रक फाटकात शिरला आणि दिवा लाल झाला.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि चाक बाजूला वळवलं.

लाल ट्रकांचं यार्ड बाजूला होतं. काँक्रीटचं मैदान, चारी बाजूंनी जाळी. एक तरुण अधिकारी बाई हातात पाटीएवढा संगणक घेऊन आली.

"तुमच्या अर्जात एकशे एकोणीस खोकी आहेत," ती म्हणाली. "यंत्रानं एकशे वीस वाचली."

"शक्यच नाही मॅडम," मी म्हटलं. "मी स्वतः सांगितलंय..."

तेवढ्यात बाबा पुढे झाले. चेहऱ्यावर एक ओशाळं हसू होतं. ते मी लहानपणी व्हरांड्यात कितीदा पाहिलं होतं. हात कानाच्या पाळीला.

"सापडलं का? वा! नजर आहे हो मॅडम तुमची. चुकलं बघा म्हाताऱ्याचं. लावा काय दंड लावायचा तो, आणि सोडा पोरीला. जिवंत माल आहे."

मला सगळं एका क्षणात उमगलं. अंगाचा असा तिळपापड झाला की मी ट्रकची कडी धरून उभी राहिले.

"काका, मला नाही सापडलं," ती बाई म्हणाली. "यंत्राला सापडलंय."

"तेच ते. यंत्र तुमचंच ना?"

"यंत्र माझं नाही, मी यंत्राची. दंड घ्यायचा अधिकार आता मला नाही, आणि सोडायचाही नाही. लाल लागलं की जनावरांचे डॉक्टर येणार, सील तोडून मोजणार, अहवाल भरणार, मग पुढचं."

"मग बोलवा त्यांना," मी म्हटलं.

"चार फाटकांना मिळून ते एकटेच आहेत. परवा इकडे येतील."

परवा. तिने ते हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं.

बाबांना अजूनही वाटत होतं की बाई नवीन आहे, घाबरलीय, तिला धीर द्यायला हवा. ते तिच्याजवळ सरकले. "मॅडम, चोरीचा माल नाही हो. ते एक खोकं मीच कमी लिहिलंय. तुम्हाला सापडावं म्हणून."

तिने पाटीवरून मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? मीच ठेवलं! तीस वर्षं हेच करतोय. नाहीतर आकड्यात मी कशाला चुकेन?"

"बाबा, गप्प बसा!" मी ओरडले.

तिने इकडेतिकडे पाहिलं, हातातल्या पाटीचं झाकण मिटलं. "काका, हे मी ऐकलेलं नाही. आणि तुम्ही पुन्हा कुणाला सांगू नका. मुद्दाम खोटी माहिती भरली तर तुरुंग आहे." एवढं बोलून ती काचेच्या इमारतीत निघून गेली. तिच्या हातात माणुसकीपुरतं एवढंच उरलं होतं, न ऐकणं. जुन्या टेबलांवरचे साहेब खादाड होते, आळशी होते, पण त्यांच्यापुढे हात जोडले तर निदान हात जोडल्याचं त्यांना दिसायचं. मला त्यांची आठवण यावी, याचाच मला संताप आला.

यार्डात झाड नव्हतं, छप्पर नव्हतं, पाण्याचा नळ नव्हता. पहारेकऱ्याला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, नकाशातच नाही. इथे कुणाला जास्त वेळ थांबावं लागणार नाही, असं धरूनच बांधलंय.

ऊन चढलं तसा ड्रायव्हर ताडपत्री भिजवायला लागला. बाबा इमारतीतल्या संडासाजवळच्या नळावरून बादल्या भरून आणत होते. सत्तरीला आलेला माणूस, प्रत्येक बादलीसरशी निम्मं पाणी अंगावर. खिशातली शाई ओली होऊन शर्टभर जांभळी ओघळली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर काय बोलले असते, देव जाणे.

शेवटी त्यांनीच बादली खाली ठेवली. "पहिली खेप होती गं तुझी," ते म्हणाले. "बिनतिटीची कशी सोडू?"

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

ते बादली उचलून पुन्हा नळाकडे गेले. मला वाटलं होतं ते वाद घालतील. घातला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

सील तोडता येत नव्हतं, म्हणून खोक्यांना वारा देता येत नव्हता. दाराला कान लावला की आत काय चाललंय ते ऐकू यायचं. पहिल्या दिवशी गलका होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चिवचिव सुटीसुटी ऐकू यायला लागली, आता इथून, मग बऱ्याच वेळाने तिथून. ड्रायव्हर लांब जाऊन बसला. "लोखंडच बरं, ताई," एवढंच तो म्हणाला. शेजारच्या रस्त्याने हिरवे ट्रक भरधाव जातच होते. फरशा, टायर, प्लास्टिकच्या खुर्च्या. जगात कधीही मेला नसता असा सगळा माल.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर आले. बिचारे रात्रभर प्रवास करून आले होते, त्यांना शिव्या द्यायचीही सोय नव्हती. सील तोडलं तसा वास बाहेर आला. त्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि एकेक खोकं मोजलं.

"एकशे वीस," ते म्हणाले. "खोकी बरोबर आहेत."

निम्म्याहून जास्त पिल्लं मेली होती. खालच्या थरातली तर सगळी, एकमेकांच्या अंगावर चढून मेलेली. इतकी मेली की राहिलेलीही पलीकडे जाऊ शकत नाहीत, असा नियम. जिवंत होती ती घेऊन आम्ही परत आलो. केंद्राच्या मागे खड्डा खणला. बाबा फावडं घ्यायला आले, तर मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

पलीकडच्या बाईला फोन केला. "माझ्या बायकांनी जागा सारवून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "एकदा अजून बघते. पण लाल नको हं बाई. लाल असेल तर फोनही करू नकोस."

लाल पुसायचा तर आठवड्याच्या आत संगणकावर खुलासा द्यायचा होता. मी आणि आई स्वयंपाकघरात बसलो. पडद्यावर लिहिलं होतं, 'कारण निवडा.' कारणं तीन होती. एक, माल पाठवणाऱ्याची चूक. म्हणजे शेरा माझ्या नावावर कायम. दोन, एजंटाने जाणूनबुजून भरलेली खोटी माहिती. म्हणजे बाबा कोर्टात. तीन, वय, आजार किंवा दृष्टी यांमुळे एजंट अक्षम. म्हणजे एजंटाचा परवाना जमा, पाठवणारा निर्दोष, प्रकरण बंद. पोरीच्या मालाला दृष्ट लागू नये म्हणून, असं चौथं कारण त्यांच्याकडे नव्हतं.

आईने डोळे बारीक करून तिन्ही वाचली. "तिसरं लाव," ती म्हणाली.

"त्यांना न विचारता?"

"त्यांना विचारलंस तर ते दुसरं लावतील."

आईचं म्हणणं किती खरं होतं ते लगेच कळलं. बाबा दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दुसरंच लाव," ते म्हणाले. "मुद्दाम केलं म्हणून लिही. जातो तुरुंगात. पण मला एकशे वीसपर्यंत मोजता येत नाही, असं लिहून देणार नाही."

"अहो, काय बोलताय?" आई म्हणाली. "या वयात?"

"वय मध्ये आणू नकोस! मी चुकलो नाही. त्या इमारतीतल्या एकालाही विचार, शिक्केकाका आकड्यात कधी चुकला का?"

आणि मग माझा बांध फुटला. "त्या इमारतीत तुम्हाला ओळखणारं आहे कोण? कुणाला विचारू? तुमच्या कौतुकाचे साहेब मेले, गेले, निवृत्त झाले! चूक सापडल्यावर खूश होणारं तिथे कुणी नाही. तुम्ही आत गेलात तर आई जन्मभर रडेल, आणि तुम्ही चुकला नाहीत म्हणून माझी पिल्लं काही उठून बसणार नाहीत. मला केंद्र चालवायचंय बाबा. मला तुमचा मान सांभाळायला वेळ नाही."

बोलले ते बोलले. परत घ्यायचं म्हटलं तरी एक शब्द घेणार नाही.

ते येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसले. टेबलावर हात ठेवले.

मी तिसरं कारण निवडलं. खाली दोन ओळी लिहायच्या होत्या, त्या लिहिल्या. 'वयोमान व दृष्टिदोष यांमुळे एजंटास आकडे नीट वाचता येत नाहीत.' पाठवायला गेले तर पडदा म्हणाला, एजंटाची संमती हवी. संमतीचा आकडा एजंटाच्या फोनवर पाठवला आहे.

बाबांचा फोन टेबलावर थरथरला. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"बाबा," मी म्हटलं, "आकडा वाचा."

त्यांनी फोन उचलला. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला नाही. हात लांब धरून सगळा निरोप वाचला, वरच्या माझ्या दोन ओळींसकट. मग पाढे म्हटल्यासारखा स्वच्छ आवाजात आकडा सांगितला. "चार, शून्य, नऊ, नऊ, एक, सात."

मी आकडे दाबले. पडद्यावर आलं, आकडा चुकला.

"नऊ दोनदा आहे," बाबा समोरून म्हणाले. टेबलावर आडवा ठेवलेला माझा पडदा त्यांना उलटा दिसत होता. "तू एकदाच घातलास."

मी दुसरा नऊ घातला. संमती मिळाली. माझं नाव त्याच मिनिटाला हिरवं झालं, इतकी ती पद्धत जलद आहे.

पुढच्या महिन्यात दुसरी खेप गेली. नव्या एजंटाने, एका मुलीने, आहे तसा अर्ज भरला. ट्रक फाटकातून असा गेला की दिवा मला नीट दिसलासुद्धा नाही. दुपारी पलीकडच्या बाईचा फोन आला, मागे तिच्या बायकांचा आणि माझ्या पिल्लांचा मिळून एकच कालवा. आता दर महिन्याला ट्रक जातो. खर्च निम्म्यावर आलाय. बाहेरच्या देशांतली माणसं पुन्हा आली होती, त्यांनी माझा फोटो काढून नेला. तो त्या फलकाशेजारी लागणार आहे म्हणे.

पण ती दुसरी खेप निघण्याआधीचं सांगायचं राहिलं. बाबा केंद्रावर आले होते. अंगात नवीन पांढरा शर्ट, खिशाला डाग नाही. परवान्याबरोबर शिक्काही जमा करून घेतला होता. येऊन दाराशी नुसते उभे राहिले, कुठे हात लावू नको असं कुणी सांगितल्यासारखे. मला ते बघवेना.

"बाबा, तेवढी खोकी मोजता का?" मी म्हटलं. "माझी घाई आहे."

ते ट्रकपाशी गेले. एकेका खोक्यावर बोट टेकवत, ओठ हलवत त्यांनी सगळा ट्रक मोजला. कामाच्या दोघी बायकाही थांबून बघत होत्या.

"एकशे एकोणीस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टायरकडे बघत होते. थट्टा होती, सूड होता, की खरोखरच एक निसटलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला माझंच वाक्य ऐकवलं असतं, वयोमान आणि दृष्टिदोष. लिहून मीच दिलं होतं.

मी ट्रकवर चढले आणि त्यांच्या देखत पहिल्या खोक्यापासून पुन्हा मोजायला लागले.